हाइनरिख हर्ट्झ : दोन वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा

हर्ट्झ हे नाव तुम्ही रोज ऐकता. घरातली वीज ५० हर्ट्झची, रेडिओचं स्टेशन अमुक मेगाहर्ट्झवर, मोबाइलचा प्रोसेसर तमुक गिगाहर्ट्झचा. दहावीच्या पुस्तकातही हे एकक आहे. ज्या माणसाच्या नावावरून ते आलं, त्याने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या, एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण लहरींच्या सहा-सात वर्षं आधी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, याच माणसाने एक अगदी वेगळा प्रश्न सोडवला होता. दोन घट्ट वस्तू एकमेकींवर दाबल्या तर नेमक्या किती जागेवर टेकतात, आणि त्या जागेवर दाब किती असतो? आजचा पाठ त्या हर्ट्झवर आहे. इंजिनिअरिंगला गेलेल्या किंवा जाणार असलेल्या मुलांनी तर तो सावकाश वाचा.

आधी प्रश्न समजून घेऊ. आपल्या सव गावातून सावित्रीच्या काठाने वर आलात की महाडला जायला फार वेळ लागत नाही, आणि महाडकरांचं जवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे वीर. १९९३ मध्ये कोकण रेल्वेची गाडी रोह्याहून वीरपर्यंत येऊ लागली आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. त्या स्टेशनच्या फलाटावर उभे राहून रुळाकडे नीट पाहा. (फलाटावरूनच हं, खाली उतरायचं नाही.) रुळाच्या बाजू तांबूस गंजलेल्या, आणि माथ्यावर मात्र एक चकचकीत पट्टा. चाक फक्त तिथेच टेकतं. एका डब्याचं वजन आठ चाकांवर वाटलेलं असतं आणि प्रत्येक चाकाच्या वाट्याला साधारण आठ टन भार येतो असं धरा. हा आठ टनांचा भार रुळावर किती जागेत उतरतो? तळहाताएवढ्या? नाही. करंगळीच्या नखाएवढ्या. जेमतेम एक चौरस सेंटिमीटर.

गोल चाक आणि किंचित फुगीर माथ्याचा रूळ. भूमितीप्रमाणे ते एका बिंदूत टेकायला हवेत. बिंदूला क्षेत्रफळ नसतं, म्हणून दाब अनंत यायला हवा आणि पहिल्याच गाडीला रूळ फुटायला हवा. तो फुटत नाही, कारण पोलाद थोडंसं दबतं आणि बिंदूचा ठिपका होतो. ठिपका केवढा, हे दबण्यावर अवलंबून. दबणं दाबावर अवलंबून. आणि दाब पुन्हा ठिपक्याच्या आकारावर! म्हणजे बघा, उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्नच मांडता येत नाही. या विषयातली खरी गोम हीच आहे. तुम्ही ती कागदावर सोडवा की संगणकावर, ती चुकत नाही.

आता माणसाकडे वळू.

हाइनरिख रुडॉल्फ हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील गुस्ताव हे वकील होते आणि पुढे शहराच्या राज्यकारभारात सिनेटर झाले. आई आना एलिझाबेथ ही लष्करी डॉक्टरची मुलगी. पाच भावंडांत हाइनरिख थोरला. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, पण दोन पिढ्यांत ख्रिस्ती झालेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी पुन्हा येणार आहे.

मुलगा भाषांत हुशार होता, शाळेत असताना अरबीसुद्धा शिकला. पण हातही स्वस्थ बसत नसत. घरात त्याचं सुतारकामाचं टेबल होतं, नंतर लेथही आला. रविवारी तो चित्रकलेच्या, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढण्याच्या, वर्गाला जायचा. लेथवर काम शिकवणाऱ्या कारागिराची एक गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. हाइनरिख प्राध्यापक झाला हे कळल्यावर त्या म्हाताऱ्या उस्तादाला मनापासून वाईट वाटलं, कारण पोरगा किती चांगला टर्नर झाला असता! मला ही गोष्ट फार आवडते. पुढे लहरींच्या प्रयोगांत हर्ट्झ यांनी जी उपकरणं वापरली, त्यातली बरीचशी त्यांच्या स्वतःच्या हातची होती. म्हणजे उस्तादाची मेहनत वाया गेली नव्हती.

१८७५ मध्ये शाळा संपली तेव्हा हर्ट्झ यांना इंजिनिअर व्हायचं होतं. फ्रँकफुर्टला एक वर्ष बांधकामाच्या कचेरीत उमेदवारी केली, मग काही काळ ड्रेस्डेनच्या तंत्रशाळेत काढला. त्यानंतर सक्तीची लष्करी सेवा आली, आणि योगायोग असा की ती बर्लिनच्या रेल्वे पलटणीत होती. १८७७ मध्ये ते म्युनिकला पोहोचले ते इंजिनिअरिंग पुढे शिकायलाच. पण तिथे गेल्यावर मन बदललं. पूल आणि रस्ते बांधण्यापेक्षा निसर्गाचे नियम शोधावेत, असं त्यांना तीव्रतेने वाटू लागलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली. पक्की नोकरी देणारा अभ्यासक्रम सोडून संशोधनाकडे जायचं, म्हणजे आणखी कित्येक वर्षं घरच्यांच्या पैशावर राहायचं. तुमच्यापैकी किती जण आज याच वळणावर असतील! वडिलांनी होकार दिला.

पुढच्याच वर्षी ते बर्लिनला आले. तिथे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ होते, त्या काळच्या जर्मन विज्ञानातलं सर्वांत मोठं नाव. हेल्महोल्ट्झ यांनी या मुलाला लगेच हेरलं. विद्यापीठाने लावलेल्या एका विजेसंबंधीच्या प्रश्नाचं बक्षीस हर्ट्झ यांनी पटकावलं, १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते हेल्महोल्ट्झ यांचेच साहाय्यक झाले.

आणि मग आली १८८० सालची नाताळची सुट्टी.

तुमच्यातल्या ज्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल केलं असेल, त्यांना न्यूटनची वलयं आठवत असतील. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश टाकायचा, सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. मधे काळा ठिपका आणि भोवती एकाआड एक काळी-पिवळी कडी. कड्यांचे व्यास मोजून भिंगाची वक्रता काढायची. बर्लिनमध्येही अशाच व्यतिकरणाच्या प्रयोगांची चर्चा चालू होती. हर्ट्झ यांच्या मनात शंका आली. भिंगं एकमेकांवर दाबली की काच थोडी तरी दबणारच. मग वलयं जी वक्रता दाखवतात ती मूळ भिंगाची, की दबलेल्या भिंगाची?

आपण प्रॅक्टिकलला वलयं मोजतो, जर्नल भरतो, सही घेतो आणि सुटतो. त्या तरुणाने सुट्टीभर बसून काचेचं दबणंच सोडवून टाकलं. ३१ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी ते बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे वाचून दाखवलं.

त्यांनी केलं काय? वर सांगितलेली गोम त्यांनी एका सुंदर अंदाजाने फोडली. त्यांनी प्रश्न उलटा केला. दाब कसा पसरला असेल याचा आधी अंदाज करू आणि मग तो अंदाज सगळ्या अटी पाळतो का ते तपासू. हा अंदाज हवेतून आला नव्हता. हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली त्यांचं सगळं शिक्षण विजेचं झालं होतं. लंबगोलाकार वस्तूवरच्या विद्युतप्रभाराभोवती विभव कसं असतं, याचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. घट्ट वस्तूच्या पृष्ठभागावर दाब दिला असता पृष्ठभाग किती खचतो, याचं समीकरण तशाच साच्याचं असतं. तेव्हा दाबाला प्रभार समजा, खचण्याला विभव समजा, आणि तयार उत्तर उचला. उत्तर असं निघालं की टेकण्याचा ठिपका लंबवर्तुळाकार असतो, दोन्ही पृष्ठभाग चेंडूसारखे असतील तर गोल. दाब ठिपक्याच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि कडेला अलगद शून्यावर येतो. त्याचा आलेख काढला तर अर्ध्या लंबगोलासारखी टेकडी दिसते.

काही गोष्टी मात्र त्यांनी गृहीत धरल्या, आणि त्या पाठ करण्यापेक्षा समजून घ्या, कारण पुढे त्यांचाच उपयोग आहे. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आहेत. घर्षण नाही. वस्तू दबून पुन्हा मूळपदावर येते, कायमचा खड्डा पडत नाही. आणि ठिपका वस्तूच्या मानाने इतका लहान आहे की ठिपक्याच्या दृष्टीने प्रत्येक वस्तू म्हणजे खाली न संपणारी सपाट जमीनच.

आता आपण एक उदाहरण हातानेच करू. १० मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा घ्या, जाड सपाट पोलादी पट्टीवर ठेवा आणि त्याच्यावर दहा लिटर पाण्याच्या बादलीएवढा, म्हणजे १०० न्यूटन भार द्या. पोलादाचा यंगचा गुणांक २१० गिगापास्कल आणि पॉयसनचं गुणोत्तर ०.३ धरलं, तर छर्रा आणि पट्टी मिळून संयुक्त गुणांक येतो सुमारे १,१५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हर्ट्झ यांचं सूत्र शब्दांत असं: भार आणि गोळ्याची त्रिज्या यांच्या गुणाकाराला ३ ने गुणा, संयुक्त गुणांकाच्या चौपटीने भागा आणि घनमूळ काढा. १०० गुणिले ५ गुणिले ३ म्हणजे १५००. भागिले ४,६०,०००. येतात ०.००३२६, आणि त्याचं घनमूळ ०.१४८. ही ठिपक्याची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. सुईच्या टोकाने केलेल्या टिंबाएवढा ठिपका!

त्याचं क्षेत्रफळ ०.०६९ चौरस मिलिमीटर. भाराला त्याने भागा, सरासरी दाब आला सुमारे १,४५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मध्यावरचा दाब याच्या दीडपट, म्हणजे २,१७० च्या आसपास. आणि छर्रा पट्टीकडे सरकला किती? त्रिज्येचा वर्ग भागिले ५, म्हणजे ०.००४४ मिलिमीटर. डोळ्याला काहीच दिसणार नाही. एक बादली पाणी, आणि साध्या पोलादाची सळई ताणून तोडायला लागेल त्याच्या कितीतरी पट दाब! पोलाद तरी टिकतं कसं? ठिपक्याच्या भोवतालचं पोलाद त्याला चारी बाजूंनी आवळून धरतं म्हणून. शिवाय सर्वांत धोकादायक जागा पृष्ठभागावर नसतेच. कर्तन प्रतिबल सर्वांत जास्त असतं ते पृष्ठभागाच्या खाली, ठिपक्याच्या त्रिज्येच्या साधारण ०.४८ पट खोलीवर. आपल्या छर्र्यासाठी ०.०७ मिलिमीटर. बेअरिंगचा छर्रा झिजून खवले पडतात ते बऱ्याचदा आतून सुरू होतात, याचं कारण इथे आहे.

मुलांचा नेहमीचा समज असा की भार दुप्पट केला की दाबही दुप्पट होणार. इथे तसं होत नाही. भार वाढला की ठिपकाही पसरतो. दाब दुप्पट करायला भार आठपट करावा लागतो. घनमुळाची गंमत आहे ही.

त्याच निबंधात हर्ट्झ यांनी आणखी एक हिशोब केला आहे. दोन गोळे एकमेकांवर आदळले तर किती वेळ चिकटून राहतात? २५ मिलिमीटर त्रिज्येचे दोन पोलादी गोळे सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने जवळ आले, तर स्पर्श टिकतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या जेमतेम चौपट. आणि पृथ्वीएवढे दोन पोलादी गोळे त्याच वेगाने टेकले तर? जवळजवळ २७ तास! गंभीर जर्मन नियतकालिकात तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराने असं उदाहरण टाकावं, याचं मला अजून कौतुक वाटतं. आपल्याकडे कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, प्रकाशाकडे पूर्णपणे वळण्याआधी, गोळ्यांच्या टकरींवर प्रयोग केले ते याच सिद्धांताच्या आधारे. त्यांचा त्यावरचा निबंध १९२० चा आहे.

भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा तंत्रज्ञांनाच हे काम जास्त भावलं. त्यांच्या आग्रहावरून हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये इंजिनिअरांसाठी वेगळा निबंध लिहिला आणि त्यात कठीणपणाची नवी व्याख्या दिली. तोपर्यंत कठीणपणा म्हणजे कोण कोणाला ओरखडा काढतं एवढंच होतं. हर्ट्झ म्हणाले की गोळा दाबत जा, ज्या क्षणी ठिपक्याच्या मध्यावर पहिली कायमची खूण उमटेल, त्या क्षणीचा दाब म्हणजे त्या पदार्थाचा कठीणपणा. विचार स्वच्छ होता, पण व्यवहारात चालला नाही. आत्ताच पाहिलं की नाही, पोलाद आधी आत खोलवर हार मानतं, वर काही दिसतच नाही. पहिली खूण केव्हा उमटली हे पकडणार कोण? पुढे १९०० मध्ये स्वीडनच्या ब्रिनेलने सरळ मोठा खड्डा पाडून तो मोजायची रीत काढली आणि कारखान्यांनी तीच उचलली. हर्ट्झ यांच्याच सूत्रांनी त्यांच्याच व्याख्येतली अडचण दाखवून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

बेअरिंगचं मात्र भाग्य उजळलं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीत श्ट्रिबेक यांनी छर्र्यांच्या बेअरिंगवर पद्धतशीर चाचण्या घेतल्या आणि हर्ट्झ यांची सूत्रं कसाला उतरवली. आज पुण्याजवळ चिंचवडला बनणारं बेअरिंग घ्या, तुमच्या सायकलच्या चाकातले छर्रे घ्या, गाडीच्या गिअरचे दात घ्या, पुलाच्या गर्डरखालचे रोलर घ्या. आकडेमोडीची सुरुवात त्या नाताळच्या सुट्टीतूनच होते.

हर्ट्झ स्वतः मात्र तिथे थांबले नाहीत. १८८३ मध्ये ते कील विद्यापीठात शिकवायला गेले, १८८५ मध्ये कार्ल्सरूहला प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी तिथल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथ डॉल हिच्याशी, त्यांचं लग्न झालं. १८८६ ते १८८९ या काळात त्यांनी तिथे ठिणग्यांच्या साहाय्याने लहरी निर्माण केल्या, त्या परावर्तित केल्या, त्यांची लांबी मोजली आणि मॅक्सवेलचा सिद्धांत खरा ठरवला. हे तुमच्या पुस्तकात आहे, म्हणून मी इथे वाढवत नाही. १८८९ मध्ये बॉनला क्लाउझियस यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली.

तिथे दुखणं सुरू झालं. १८९२ पासून दात, जबडा, नाक, कान यांच्या असह्य वेदना, शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया. तशातही ते यामिकीवरचं पुस्तक लिहीत राहिले आणि १८९३ च्या अखेरीपर्यंत शिकवत राहिले. १ जानेवारी १८९४ रोजी रक्तात विष पसरून त्यांचा मृत्यू झाला. वय ३६. मोठी मुलगी योहाना सहा वर्षांची, धाकटी माटिल्डे तिसरं वर्ष पुरं व्हायची होती. पुस्तक त्यांच्यामागे त्याच वर्षी निघालं, त्याला प्रस्तावना लिहिली वृद्ध हेल्महोल्ट्झ यांनी. ज्या शिष्याने आपल्या पाठीमागे काम पुढे न्यायचं, त्याच्याच पुस्तकाला गुरूने प्रस्तावना लिहायची! काही महिन्यांतच हेल्महोल्ट्झही गेले.

आता त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते पाहू, कारण आजच्या मुलांची गाठ त्याच्याशीच पडते.

हर्ट्झ यांची गृहीतकं मोडली की त्यांची सूत्रंही मोडतात. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आस घ्या. भोक आणि दांडा जवळजवळ एकाच मापाचे, त्यामुळे ठिपका लहान राहतच नाही, अर्धा दांडा वेढतो. किंवा वळणावर गाडीच्या चाकाची कड रुळाच्या कोपऱ्याला घासते, तिथे वक्रता क्षणाक्षणाला बदलते आणि घर्षणही असतं. रोलरच्या टोकांना धार असते, तिथे दाब एकदम उसळतो. अशा ठिकाणी कागदावरचं गणित हात टेकतं आणि फायनाइट एलिमेंट पद्धत लागते. वस्तूचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं साधं समीकरण मांडायचं, सगळी एकत्र जोडून संगणकाकडून सोडवून घ्यायची. ही पद्धत विमानांच्या रचनेसाठी १९५० च्या दशकात आकाराला आली आणि १९६० मध्ये अमेरिकेतल्या क्लफ यांनी तिला हे नाव दिलं. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा आणखी कुठे मेकॅनिकलला गेलात, की ही पद्धत तुम्हाला भेटणारच.

पण मूळची गोम संगणकालाही चुकत नाही. कोणते बिंदू टेकले आहेत हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. तो अंदाज करतो, सोडवतो, तपासतो. कुठे एक वस्तू दुसरीत घुसली तर तिथे स्पर्श धरतो. कुठे दाब उलटा, म्हणजे ओढणारा, आला तर तिथला स्पर्श सोडतो. पुन्हा सोडवतो. नियम तीनच: फट ऋण नसावी, दाब ऋण नसावा, आणि जिथे फट आहे तिथे दाब नसावा. इटलीच्या सिन्योरिनी यांनी हा प्रश्न गणिती रूपात मांडला आणि १९६० च्या दशकात त्यांचेच शिष्य फिकेरा यांनी त्याला उत्तर असतंच हे सिद्ध केलं. घुसणं थांबवायची एक सोपी रीत म्हणजे दोन पृष्ठभागांच्या मधे कल्पनेतली स्प्रिंग बसवणं. स्प्रिंग मऊ ठेवली तर छर्रा पट्टीत घुसलेला दिसतो. फार ताठ केली तर संगणक फेऱ्या मारत राहतो आणि उत्तर काही जुळत नाही.

आपलाच छर्रा संगणकावर घेऊन बघा. सगळं गोलाकार सारखं आहे, म्हणून अख्खा छर्रा न घेता मधला एक काप पुरतो. आता तुकड्यांची जाळी पाडा. अनेक जण इथे सगळीकडे १ मिलिमीटरचे तुकडे पाडतात. ठिपक्याची त्रिज्या किती होती? ०.१४८. अख्खा ठिपका एका तुकड्याच्या कोपऱ्यात मावतो! संगणक तक्रार करत नाही. लाल-निळं सुंदर चित्र देतो. खालच्या टेकूवर एकूण बल १०० न्यूटन बरोबर दाखवतो, कारण बलांचा समतोल जाळी कितीही जाडीभरडी असली तरी जुळतोच. ते पाहून मुलं खूश होतात. दाबाचा आकडा मात्र २,१७० च्या जवळपासही नसतो. ठिपक्याच्या त्रिज्येत निदान दहा तुकडे मावतील इतकी, म्हणजे ०.०१५ मिलिमीटरची जाळी तिथे लागते. दूरवर मोठे तुकडे चालतात. आणि सुरुवातीला छर्रा पट्टीपासून केसभर जरी वर असला आणि त्याच्यावर नुसता भार दिला, तर त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. समीकरणं सुटतच नाहीत. आधी छर्रा किंचित खाली सरकवून टेकवायचा, मग भार द्यायचा.

आकडा खरा की खोटा हे कळणार कसं? हर्ट्झ यांच्या सूत्रावरून. जगभर स्पर्शाचा नवा प्रोग्राम लिहिला की आधी गोळा आणि सपाट पृष्ठभागाचं उदाहरण सोडवून घेतात आणि १८८१ च्या उत्तराशी ताडून पाहतात. ते जुळलं तरच अवघड उदाहरणाला हात घालायचा. माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीच्या कोपऱ्यात हे घनमूळ काढायची सक्तीच करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

हर्ट्झ यांच्या घराचं राहिलं. धाकटी माटिल्डे वडिलांवर गेली होती. प्राणी आकार कसे ओळखतात यावर संशोधन करणारी ती बर्लिनमधली नावाजलेली शास्त्रज्ञ झाली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि आजोबांच्या घराण्याची ज्यू मुळं तिच्या आड आली. विद्यापीठात शिकवण्याचा तिचा अधिकार काढून घेतला गेला. ज्या माणसाने तिच्या वडिलांचं शेवटचं पुस्तक छापून घेण्याचं काम केलं होतं, तो त्यांचा जुना साहाय्यक फिलिप लेनार्ड, तोपर्यंत नाझींचा कट्टर समर्थक बनला होता. एलिझाबेथबाई आणि दोघी मुली जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये केंब्रिजला राहायला गेल्या. त्याच्या थोडंच आधी, १९३० मध्ये, वारंवारतेच्या एककाला हर्ट्झ हे नाव दिलं गेलं होतं.

स्वाध्याय : वरच्याच छर्र्यावर आठ बादल्यांचा भार, म्हणजे ८०० न्यूटन, द्या. ठिपक्याची त्रिज्या, मध्यावरचा दाब आणि छर्रा किती सरकला ते काढा. दाब ४,३०० च्या थोडा पुढे आला तर तुमचं उत्तर बरोबर आहे. छर्र्यांच्या साध्या बेअरिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने स्थिर भाराची मर्यादा ठरवताना ४,२०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हा दाब धरला आहे. मग हा छर्रा चालेल का, आणि नसेल तर किती मोठा घ्यावा लागेल, तेही वहीत लिहून आणा.